तीन हजार वर्षांपूर्वीचा मका

१

पाण्यावर तरंगत आलेला तो काळा दाणा मी चिमट्यानं उचलला, भिंगाखाली धरला, आणि मला वाटलं आपले डोळे बिघडलेत.

मक्याचा दाणा होता तो. जळून कोळसा झालेला, पण आकार शाबूत. एका टोकाला निमुळता, दुसरीकडे पसरट, मधे खळगा.

मका दिसला यात नवल काय, असं कुणीही विचारील. तारनाक्याच्या चौकात गाडीवर भाजलेला मका हवा तेव्हा मिळतो. पण माझ्या समोरची माती तारनाक्याची नव्हती. शहराबाहेर बोम्मलकुंटा नावाचं एक आटत चाललेलं तळं आहे. त्याच्या काठावर आमच्या संस्थेनं उन्हाळाभर उत्खनन केलं होतं. तीन हजार वर्षांपूर्वी तिथं माणसं राहत होती. आणि मका आपल्या देशात आला तो पोर्तुगीजांच्या गलबतांतून, कालपरवा म्हणावा इतका अलीकडे.

आमचं काम सोनंनाणं शोधण्याचं नाही. जुनी माती आम्ही पाण्यात कालवतो. जळके दाणे हलके असतात, ते वर येतात. त्यांवरून लोक काय पिकवत, काय खात ते कळतं. मातीतल्या फुलांच्या परागकणांवरून भोवती रान कसलं होतं ते कळतं, बारीक शंखांवरून तळ्यात पाणी होतं की चिखल. माणसं आणि त्यांचा परिसर असं दोन्ही त्या मातीतून पुन्हा उभं करायचं. आतापर्यंत बोम्मलकुंट्यानं आम्हाला हुलगे दिले होते, मूग दिले होते. मका कधीच नाही.

मी गाळणं पुन्हा पाण्यात घातलं. या वेळी मिरचीचं बी वर आलं. मिरचीसुद्धा पोर्तुगीजांबरोबरच आलेली.

"मानसी, झालं का?" म्हणत योगिनी मॅडम आत आल्या. त्या आमच्या संचालक, मूळच्या पुण्याच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यांनी दाणा पाहिला, बी पाहिलं, मग पिशवीवरची चिठ्ठी वाचली. 'बोम्मलकुंटा, चुलीचा खड्डा, गाडग्यातली माती.'

"ही पिशवी आधी कुणी उघडली होती?"

"कुणीच नाही, मॅडम. मीच आत्ता उघडली."

"आणि कोठीची किल्ली?"

"माझ्याकडे असते."

पुढच्या आठवड्यात बाहेरच्या तज्ज्ञांची समिती येणार होती. तळ्याच्या काठावरून नवा रस्ता आखला होता. काठ राखावा की नाही याबद्दल ही समिती शिफारस करणार होती, आणि आमच्याकडे दाखवायला ही मातीच होती. एका पिशवीत मका निघाला तर बाकीच्या पिशव्यांवर कोण विश्वास ठेवणार?

मॅडम खुर्चीत बसल्या. "मग मानसी, एक तर हा मका तू आत घातलास, नाहीतर मक्याला पाय फुटले."

२

दुपारी मॅडमच्या खोलीत सगळे जमले. सगळे म्हणजे फार कुणी नाही, आमची संस्थाच छोटी.

विवेक सर मातीच्या थरांचे जाणकार. त्यांच्या पत्नी मेधाताई सापडलेली भांडी साफ करून त्यांची चित्रं काढतात. दोघं पुण्याहून आलेले. मेधाताई मागच्या वर्षी बरेच महिने रजेवर होत्या, तब्येतीचं काहीतरी होतं. त्या खिडकीपाशी बसल्या. आणि भगवंतराव, आमचे विश्वस्त. निजामाच्या राज्यातलं जुनं शेतकरी घराणं, आता विद्यानगरात बंगला. त्यांच्या पुतण्याचे प्लॉट बोम्मलकुंट्याच्या शेजारीच आहेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"योगिनीबाई, मी पहिल्यापासून म्हणतोय, हे खोदणं बंद करा," भगवंतराव म्हणाले. "कमिटीला येऊ नका म्हणून कळवून टाका. इज्जत तरी राहील."

"काका, एवढी घाई कशाला?" विवेक सर हसले. "साधी गोष्ट आहे. चिठ्ठ्यांची अदलाबदल झालीय."

मग त्यांनी समजावलं. जुनी चूल ओळखायची तर आजची चूल कशी दिसते ते माहीत असावं लागतं. म्हणून तळ्याकाठच्या गावातल्या अंबाजी नावाच्या शेतकऱ्याच्या घरून त्यांनी चुलीची माती आणली होती. अंबाजीच्या घरी मक्याची कणसं आणि दाणे काढलेली बुरकुंडं सर्रास जाळतात. ती पिशवी कोठीत याच पिशवीच्या शेजारी होती. चिठ्ठ्या बदलल्या असतील तर अंबाजीच्या नावाच्या पिशवीत आपली जुनी माती सुखरूप असणार.

माझ्या जिवात जीव आला. मी धावत जाऊन ती पिशवी आणली, तिथंच पाण्यात मूठभर माती सोडली.

मक्याचे दाणे वर आले. मिरचीचं बी वर आलं. गाळण्यात प्लास्टिकच्या बांगडीचा वितळलेला तुकडा राहिला.

दोन्ही पिशव्यांत अंबाजीचीच चूल होती.

विवेक सरांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. मला वाटलं की मीच कधीतरी तंद्रीत काहीतरी करून बसले आणि विसरले.

"मग तीन हजार वर्षांची माती गेली कुठे?" मॅडम म्हणाल्या, आणि माझ्यापुढे हात केला. "किल्ली दे, मानसी."

३

जयवंता मावशी माझ्या आईची थोरली बहीण. तिची हयात रेल्वेच्या दक्षता विभागात गेली. मालगाडीतून काय गेलं, कुणी नेलं, कसं नेलं, हे शोधण्यात. आता निवृत्त होऊन विद्यानगरात राहते.

"रडू नक्को," ती म्हणाली. "आधी मला सांग, तुझी पीएचडी जायची पाळी आली का?"

"हौ मावशी. समिती येईपर्यंत काही कळलं नाही तर मॅडम माझं नाव कापणार."

"मग चल."

मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या, पण पोलीस बोलावण्यापेक्षा हे बरं म्हणून परवानगी दिली. मावशी कोठीत आली. तिनं भिंग मागितलं नाही की काही नाही. दोन्ही पिशव्या दोन हातांत उचलून तोलल्या. मग फळीवरच्या इतर पिशव्या एकेक करून उचलल्या.

"बाकीच्या गळ्यापर्यंत भरलेल्या. या दोघी अर्ध्या. असं काइकू?"

मला आठवलं, पिशवी उचलताना ती मला हलकी लागली होती. माती वाळली असेल म्हणून मी सोडून दिलं होतं.

"म्हंजे अंबाजीची एक पिशवी दोघींत वाटली," मावशी म्हणाली. "बरं, जुन्या मातीत थोडी नवी मिसळली असं तर नाही?"

ते मला दाखवता आलं. बोम्मलकुंट्याच्या कुठल्याही खड्ड्यातली माती चाळली तर मोहरीएवढे शंख निघतात. तळ्यातल्या गोगलगाईंचे. या पिशवीत एकही शंख नव्हता. जुन्या मातीचा कणही उरला नव्हता.

"पुरती रिकामी केली, मग भरली." मावशी स्टुलावर बसली. "आता खरं सांग. तुला ही चोरी करायची असती तर तू काय केलं असतंस?"

"मी?" मी विचार न करता बोलून गेले, "मी शेजारच्या खड्ड्यातली माती ओतली असती. तीही तीन हजार वर्षांपूर्वीची, तेच हुलगे, तेच शंख. जन्मात कुणाला कळलं नसतं."

बोलल्यावर माझ्या ध्यानात आलं. मी माझ्याच तोंडानं चोरीची रीत सांगत होते. दारात विवेक सर उभे होते. त्यांनी ऐकलं होतं.

"बघा," ते मावशीला म्हणाले, "हिला सगळं माहीत आहे."

४

विवेक सरांशी मावशी व्हरांड्यात बोलली. मी खांबाआड उभी होते, ते दोघांनाही दिसत होतं.

"विवेकराव, काल तुम्हीच म्हणालात ना, चिठ्ठ्या बदलल्या, साधी चूक झाली?"

"काल वाटलं तसं. आज वाटतं मानसी धांदरट आहे. पिशवी सांडली असेल. घाबरून हिनं दुसरीतली माती भरली."

"एका रात्रीत मत बदललं?"

"विचार केल्यावर बदलतं." त्यांनी घड्याळ पाहिलं आणि निघून गेले. मला राग यायला हवा होता. मला उलट वाटलं, खरंच सांडली असेल का माझ्या हातून? मी त्या महिन्यात थकले होते. काही सांगता येत नव्हतं.

भगवंतरावांनी आम्हाला बंगल्यात बसवून इराणी चहा पाजला.

"पुतण्याचे प्लॉट आहेत, बिलकुल आहेत," ते म्हणाले. "म्हणून मला चोर ठरवता का? अहो बाई, रस्ता झाला काय, न झाला काय, पोरगा तिथं कोंबड्या पाळतो."

"मग खोदणं बंद काइकू करायला लावता?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "आमचे वडील म्हणायचे, मेलेल्या माणसांच्या घरात विचारल्याशिवाय शिरू नये. हे लोक त्यांच्या चुलीत हात घालतात. मला नाही बरं वाटत. तुम्ही हसाल."

मावशी हसली नाही.

शेवटी आम्ही मेधाताईंच्या खोलीत गेलो. त्या सुलतान बाजारातून आणलेला नवा चित्रांचा कागद कापत होत्या. भिंतीवर गाडग्यांची चित्रं लावलेली. भांड्याचं चित्र काढायची एक रीत असते. मधोमध उभी रेघ मारायची. एका बाजूला भांडं बाहेरून जसं दिसतं तसं, दुसऱ्या बाजूला तेच भांडं कापल्यासारखं, आतून. एका चित्रात दोन्ही दिसतं. भिंतीवरची सगळी चित्रं तशीच होती.

"आणि त्या चुलीतलं गाडगं?" मावशीनं विचारलं.

मेधाताईंनी खणातून कागद काढला. बाहेरची बाजू सुरेख होती, कुंभाराच्या बोटांचे वळसेसुद्धा उमटले होते. आतली बाजू कोरी.

"राहिलंय ते. वेळ झाला नाही."

"चुलीवरचं गाडगं. मग काजळी का नाही याला?"

"होतं तसं काढलंय मी," मेधाताई म्हणाल्या. त्यांचा हात कागदावरून निघत नव्हता.

बाहेर आल्यावर मावशी रस्त्याच्या कडेला थांबली. "तुमच्या मॅडमनं त्या खड्ड्याला चूल म्हटलं. कशावरनं?"

"राख होती ना. राखेत गाडगं पुरलेलं."

"पुरलेलं," मावशी स्वतःशीच म्हणाली. "चुलीवर गाडगं ठेवतात, गे. चुलीत पुरतात का कुणी?"

५

मला काहीच सुचत नव्हतं. मक्यापासून सुरू झालं आणि आता चूलसुद्धा चूल राहिली नव्हती.

"खऱ्या मातीतला एखादा कण कुठं उरला नाही?" मावशीनं विचारलं. "मालगाडी रिकामी केली तरी डब्याच्या फटीत दाणे राहतात."

मी नाही म्हणणार होते. मग आठवलं. गाडगं तळ्याकाठी मीच रिकामं केलं होतं, पाऊस येईल म्हणून घाईघाईनं. पिशवीत माती ओतण्याआधी गाडग्याच्या तळाची चिमूटभर माती मी काचेच्या कुपीत काढली होती. परागकण पाहण्यासाठी काढतोच आम्ही. ती कुपी प्रयोगशाळेतल्या फ्रिजमध्ये होती, आणि मी ती विसरून गेले होते. फ्रिजला कुलूप नसतं, पण माझ्याशिवाय तो कुणी उघडतही नाही.

कुपी जागेवर होती.

मॅडमच्या समोरच मी थोडी माती काचेवर पसरली. सूक्ष्मदर्शकात नेहमीचे शंखांचे चुरे दिसले, लव्हाळ्याचे परागकण दिसले. मग पिवळसर, गोल, मोठे कण आले. एकेक नव्हे, गठ्ठ्यानं.

"कमळ आहे," मी म्हणाले. "पण इतकं कसं? कमळाचे कण वाऱ्यानं उडत नाहीत, मॅडम. किडे नेतात. गठ्ठा पडायचा तर..."

"तर अख्खं फूल आत पडलेलं असावं लागतं," मॅडम म्हणाल्या. "चुलीत कमळ?"

बशीत उरलेल्या मातीतून मी चिमट्यानं एक पातळ, वाकडा तुकडा काढला. नखाहून लहान. "हे अंड्याचं कवच दिसतंय."

मॅडमनी तो माझ्या हातून घेतला. भिंगाखाली फिरवला, पुन्हा फिरवला. त्यांचा हात खाली आला तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा गोंधळलेलं पाहिलं.

"हे कवच नाही, मानसी. ही कवटी आहे. तान्ह्या बाळाची."

६

त्या काळी दख्खनमध्ये मेलेलं तान्हं बाळ गाडग्यात ठेवून घरातच जमिनीखाली पुरत असत. हे मला पुस्तकातून माहीत होतं. मॅडमनाही माहीत होतं. पण राखेनं आम्हाला चकवलं. घरातल्या चुलीची राख खड्ड्यात भरलेली होती आणि आम्ही खड्ड्यालाच चूल म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. कवटीचा तुकडा मेजावर कापसात ठेवला होता. कुणालाच काही सांगितलं नव्हतं. मावशी बोलायला उभी राहिली.

"मी शिकलेली नाही तुमच्यातली. माझ्या नोकरीत मी एकच प्रश्न विचारायची. चोराला नेमकं पाहिजे काय होतं? तुम्ही सगळे मक्याच्या मागं लागलात. मका कुणी घातला, काइकू घातला. कुणाला मॅडमची फजिती करायची असती तर चार दाणे टाकून पिशवी बांधली असती. मका टाकायला पिशवी रिकामी करावी लागत नाही. इथं पिशवी पुरती रिकामी केली. म्हंजे मका घालणं हे काम नव्हतं. माती नेणं हे काम होतं. मका आपसूक आला."

भगवंतराव म्हणाले, "माती नेऊन काय करायचं?"

"तेच. तुम्हाला खोदणं बंद पाहिजे, पण मातीचा तुम्हाला काय उपयोग? तुम्हाला फजितीच पुरली असती." मावशी माझ्याकडे वळली. "आता या पोरीचं. ही म्हणाली, मी असते तर शेजारच्या खड्ड्यातली जुनी माती ओतली असती, कुणाला पत्ता लागला नसता. हे विवेकरावांनी ऐकलं आणि हीच चोर म्हणाले. मला उलट वाटलं. मॅडम, मानसी, विवेकराव, तुम्ही तिघंही तसंच केलं असतं. इतकं तुमचं शिक्षण आहे. आणि हिला ती माती पाहिजे असती तर फ्रिजातली कुपी हिनंच आपल्या हातानं काढून दिली नसती. नेणाऱ्याला दोन चुलींतला फरक माहीत नव्हता. त्याला माती ती माती. शेजारची पिशवी घेतली, अर्धी ओतली."

"मग कोण?" मॅडमनी विचारलं.

"माती नेणाऱ्याला एक गोष्ट माहीत होती, जी तुम्हाला कुणालाच माहीत नव्हती. त्या गाडग्यात काय होतं ते. तुम्ही सगळ्यांनी ते गाडगं बाहेरून पाहिलं. आतून घासून पुसून साफ कुणी केलं?"

मावशी तिथंच थांबली. नाव तिनं घेतलं नाही. मी भिंतीकडे पाहिलं. मग मला मेधाताईंचा तो अर्धा कोरा कागद आठवला.

"पुरे," विवेक सर एकदम उठले. "मीच नेली. काय करायचं ते करा."

"बस विवेक," मेधाताई म्हणाल्या.

त्यांचा आवाज अगदी साधा होता. "तळाशी थोडी माती चिकटून राहिली होती. कुंचल्यानं काढताना दोन दात निघाले. दात म्हणजे कोंबच, तांदळाच्या कणीएवढे. मी इतकी वर्षं इथं काम करते. मला कळलं ते काय आहे ते. आणि बाकीचं सगळं पिशवीत होतं. चूल म्हणून चिठ्ठी लावलेलं. उद्या तुम्ही ते पाण्यात कालवलं असतं, चाळलं असतं. मग क्रमांक. मग डबा."

"मला सांगायचंस ना," मॅडम म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर डबा जरा मोठा मिळाला असता, एवढंच."

त्या कापसातल्या तुकड्याकडे बघत पुढे बोलल्या. "मागच्या वर्षी माझं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. मी शुद्धीवर आले तेव्हा सगळं उरकलं होतं. मी त्याचं तोंडही पाहिलं नाही. हे दात माझ्या तळहातावर होते, योगिनीताई. मी आणखी काय करायला हवं होतं, मला खरंच कळलं नाही."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू जेवायला गेलीस की किल्ली मेजावर असायची. तुझ्यावर येईल हे मला सुचलंच नाही. मला वाटलं मातीच ती, कुणाला समजणार. आणि तुझ्यावर आल्यावर तोंड उघडेना."

विवेक सर खाली पाहत होते. घरच्या गाडीत सांडलेली माती त्यांना पहिल्या सभेच्या संध्याकाळीच दिसली होती, हे त्यांनी मग सांगितलं. त्यांनी घरी एक शब्द विचारला नाही. सकाळी येऊन माझं नाव घेतलं.

मेधाताईंवर मला राग धरता आला नाही. सरांवर धरला. अजून तो पुरता गेलेला नाही.

७

माती मेधाताईंनी तळ्याच्या पलीकडच्या काठावर, शिंदीच्या झाडांखाली पुरली होती. आम्ही सगळे संस्थेच्या जीपनं गेलो. भगवंतरावही आले, त्यांनी टोपी काढून हातात धरली होती.

पाणी दूर मधोमध उरलं होतं. मेधाताईंनी स्वतःच उकरलं. आत नवं गाडगं होतं, झाकणासकट. त्या ते उचलेनात.

"काढायलाच हवं का?" त्यांनी विचारलं.

मॅडम त्यांच्याशेजारी उकिडव्या बसल्या. "रस्ता इथूनही जाऊ शकतो, मेधा. हे इथं आहे हे कुणाला माहीतच नसलं, तर यंत्र विचारणार नाही."

मला गप्प बसवेना. "ताई, कुपीतल्या मातीत कमळाचे कण होते. गठ्ठ्यानं. म्हणजे गाडग्यात कुणीतरी कमळ ठेवलं होतं. तेव्हा इथं भरपूर पाणी होतं. कमळ पाण्यात असतं, काठावर मिळत नाही. बाळासाठी कुणीतरी त्या पाण्यात उतरलं असणार."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "हे तुला मातीवरून कळलं?"

"चिमूटभर मातीवरून."

"म्हणजे त्याचं सगळं नीट झालं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "मी उगाच..." आणि त्यांनी गाडगं उचलून मॅडमच्या हातात दिलं. त्या वेळी त्या रडल्या. त्या आधी रडल्या नव्हत्या.

समितीला मॅडमनी काहीच लपवलं नाही. माती एकदा हलली, म्हणून तिच्यावरून काळ ठरवता येणार नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. कुपीतली चिमूट मात्र हललेली नव्हती. समितीतले एक गृहस्थ बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. शिफारस अशी झाली की काठाची पूर्ण पाहणी होईपर्यंत रस्ता थांबवावा. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे. पुढे काय होईल ते आज कुणालाच ठाऊक नाही. मॅडमनी माझी किल्ली परत दिली, सगळ्यांसमोर, आणि चूक झाली असंही म्हणाल्या.

पण मला सांगायचंय ते त्याच दिवसाचं, तळ्यावरून परत आलो तेव्हाचं. तारनाक्याला जीप थांबली. मी आणि मावशी उतरलो, मागून विवेक सर आणि मेधाताई. चौकात नेहमीसारखी गर्दी होती. मेधाताई फुटपाथवर उभ्या राहिल्या आणि सरांना म्हणाल्या, "आपलं कुठे आहे?"

इतके दिवस त्यांनी हे विचारलं नव्हतं, आणि सरांनी सांगितलं नव्हतं. सरांनी हात करून एक ऑटो थांबवला, आणि ऑटोवाल्याला नदीकडच्या एका स्मशानाचं नाव सांगितलं.

"साब, इस टाइम उधर गेट बंद रहता," ऑटोवाला म्हणाला.

"मागून वाट आहे," सर मेधाताईंना आत बसायला हात देत म्हणाले. "मी तिकडूनच जातो."